निशाणी डावा अंगठा

नोव्हेंबर २०१७ मधली ती दुपार मला अजून स्पष्ट आठवते. आईला घेऊन मी कराडमधल्या एका मोबाइल रिचार्जच्या दुकानात गेलो होतो, कारण तिच्या फोनवर आठवडाभर रोज संदेश येत होता की सिमकार्ड आधारशी जोडून घ्या. आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. दुकानदार मुलगा सभ्य होता. त्याने तिला बसायला स्टूल दिले, आधार क्रमांक टाइप केला आणि काचेखाली लाल दिवा असलेले छोटे यंत्र तिच्यापुढे सरकवले. "आजी, अंगठा जरा दाबून ठेवा," असे तो म्हणाला. अंगठा उमटला नाही. त्याने काच फडक्याने पुसली, आईने अंगठा पदराला पुसला, तरी उमटला नाही. उजवा झाला, डावा झाला, मग तर्जनी. पन्नास वर्षे भाकऱ्या थापलेल्या आणि राखेने भांडी घासलेल्या बोटांवर रेषा राहिल्याच कुठे होत्या? पाचव्या खेपेला यंत्राने बोट स्वीकारले आणि मुलगा म्हणाला, "झालं आजी." थोड्या वेळाने तिच्या फोनवर इंग्रजीत एक संदेश आला. तो मी वाचला आणि आम्ही घरी आलो.

आमच्या बाबतीत त्या दिवशी काहीही वाईट घडले नाही, हे आधीच सांगतो. तरीही ती दुपार मला टोचत राहिली, कारण त्या सगळ्या वेळात फोनचा पडदा दुकानदाराकडे होता आणि बोट आईचे होते. प्रत्येक खेपेला त्याने पडद्यावर कुठे कुठे टिचकी मारली, कोणत्या चौकटीत खूण केली किंवा आधीच केलेली खूण तशीच राहू दिली, हे तिला दिसत नव्हते आणि शेजारी उभ्या असलेल्या मलाही दिसत नव्हते. मी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली आहे. खाते उघडायला आलेल्या माणसाला कोणत्या कागदावर सही का करायची हे समजावून सांगणे हेच त्यातल्या कित्येक वर्षांचे माझे काम होते. आणि स्वतःच्या आईच्या वेळी मी एकही प्रश्न विचारला नाही.

महिनाभरात वर्तमानपत्रांत जी प्रकरणे येऊ लागली, ती वाचून मला हे प्रश्न किती गरजेचे होते ते कळले. पण ते सांगण्याआधी त्या वर्षी देशभरातली माणसे अशा दुकानांपुढे रांगा का लावत होती, हे सांगायला हवे.

'लोकनीती फाउंडेशन' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१७ रोजी एक आदेश दिला. मोबाइल ग्राहकांची ओळख पडताळण्याची परिणामकारक व्यवस्था असावी, असा त्याचा रोख होता. त्याचा आधार घेऊन दूरसंचार विभागाने २३ मार्च २०१७ रोजी परिपत्रक काढले आणि सगळ्या मोबाइल ग्राहकांची आधारवर आधारित फेरपडताळणी करायला कंपन्यांना सांगितले. ६ फेब्रुवारी २०१८ ही मुदत जाहीर झाली आणि कंपन्यांचे संदेश सुरू झाले. नंतर २०१८ च्या एप्रिलमध्ये, आधारच्या सुनावणीदरम्यान, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले की सिमकार्ड आधारशी जोडणे आम्ही सक्तीचे केलेच नव्हते. तोपर्यंत कोट्यवधी लोकांनी बोटे टेकवून झाली होती.

याच काळात एक नवी गोष्ट बाजारात आली होती. रिझर्व्ह बँकेने 'पेमेंट्स बँक' नावाच्या बँकांना परवानगी दिली होती. या बँका ठेवी घेऊ शकतात आणि पैसे पाठवू शकतात, मात्र कर्ज देऊ शकत नाहीत. एअरटेल या दूरसंचार कंपनीच्या पेमेंट्स बँकेला एप्रिल २०१६ मध्ये परवाना मिळाला आणि जानेवारी २०१७ मध्ये तिचे काम देशभर सुरू झाले. ग्राहकाचा मोबाइल क्रमांक हाच त्याचा खाते क्रमांक, अशी तिची सोय होती. सिमकार्ड विकणारे दुकान हेच बँकेचे केंद्र, तोच दुकानदार, तोच फोन आणि तेच अंगठ्याचे यंत्र. रचना अशी असताना सिमकार्डाची पडताळणी कुठे संपते आणि बँकेचे खाते कुठे सुरू होते, यातली सीमा ग्राहकाला दिसावी ही जबाबदारी कंपनीची होती. ती सीमाच पुसली गेली. सिमकार्डाच्या पडताळणीसाठी आलेल्या ग्राहकांची, त्यांची जाणती संमती न घेता, पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेल्याच्या तक्रारी आल्या. एवढ्यावरच थांबले असते तरी ते गैरच होते. पण त्या खात्यांत लोकांचे गॅसचे अनुदान जाऊ लागले.

ते कसे गेले, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गॅसचे अनुदान थेट बँक खात्यात जमा करणारी 'पहल' योजना १५ नोव्हेंबर २०१४ रोजी ५४ जिल्ह्यांत आणि १ जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली. ज्यांनी आधार दिले, त्यांचे अनुदान खाते क्रमांक पाहून जमा होत नाही, आधार क्रमांक पाहून होते. बँकाबँकांमधले व्यवहार पार पाडणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे एक मोठी नोंदवही आहे असे समजा. तिच्यात प्रत्येक आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचे नाव लिहिलेले असते. तेल कंपनी आधार क्रमांकावर पैसे सोडते, नोंदवही पाहून ते त्या बँकेकडे जातात आणि ती बँक ते आपल्या खातेदाराच्या खात्यात जमा करते. तुमची चार बँकांत चार खाती असली आणि चारही ठिकाणी आधार दिलेले असले, तरी नोंदवहीत नाव एकाच बँकेचे असते. ज्या बँकेने शेवटी नोंद केली तिचे.

माझ्या काउंटरवर २०१६ साली एक बाई आल्या होत्या. धुणीभांडी करणाऱ्या, कष्टाळू आणि हिशोबाला पक्क्या. दोन सिलिंडर घेतले तरी अनुदान जमा झाले नाही, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही पासबुक छापून दिले, त्यात नोंद नव्हती. गॅस वितरकाकडे गेल्या तर तो म्हणाला, जमा झाले आहे. त्या पुन्हा माझ्याकडे आल्या, पुन्हा तिकडे गेल्या. प्रत्येक फेरीत त्यांच्या एका घरचे काम बुडत होते. शेवटी उलगडा झाला तो असा की मधल्या काळात त्यांनी गावाकडे दुसऱ्या एका बँकेत जनधन खाते उघडले होते, तिथे आधार दिले होते आणि नोंदवहीत त्या बँकेचे नाव चढले होते. पैसे सुखरूप होते, खाते त्यांचे स्वतःचे होते, ते उघडल्याचेही त्यांना माहीत होते, आणि तरीही स्वतःचे काहीशे रुपये शोधायला त्यांना तीन आठवडे लागले. आता जिला दुसरे खाते उघडल्याचेच माहीत नाही, जिच्याकडे त्या खात्याचे पासबुक नाही, जिने त्या बँकेचे नावही ऐकलेले नाही, अशा बाईने ते पैसे कुठे शोधायचे?

एअरटेल पेमेंट्स बँकेच्या बाबतीत हेच घडले. २०१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार २३ लाखांहून अधिक ग्राहकांचे ४७ कोटी रुपये अशा खात्यांत जमा झाले होते, ज्यांची कल्पना त्यांना नव्हती. पुढे कंपनीने मूळ खात्यांत परत करण्याची तयारी दाखवलेली रक्कम याहून कितीतरी मोठी, सुमारे १९० कोटी रुपये होती. १६ डिसेंबर २०१७ रोजी आधार प्राधिकरणाने एअरटेल आणि एअरटेल पेमेंट्स बँक या दोघांचीही आधारवर आधारित पडताळणीची परवानगी स्थगित केली. काही दिवसांत कंपनीला फक्त सिमकार्डाच्या पडताळणीची सशर्त मुभा मिळाली. पेमेंट्स बँकेची स्थगिती मात्र कायम राहिली. बँकेच्या प्रमुखांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. रिझर्व्ह बँकेने, ग्राहकांच्या स्पष्ट संमतीविना खाती उघडल्याच्या तक्रारींवरून, २० ते २२ नोव्हेंबर दरम्यान बँकेची पाहणी केली होती. मार्च २०१८ मध्ये तिने या बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला.

पैसे परत करण्यात आले, परवानगी गेली, दंड झाला. कुणी म्हणेल की झाले ते झाले, व्यवस्थेने चूक पकडली. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठी मला माझ्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगावी लागेल. खाते उघडणे हा करार असतो. आमच्या बँकेत पूर्वी नवा खातेदार आला की त्याला जुन्या खातेदाराची ओळख लागे. तो परिचयदाता समोर येऊन सही करी. मग नमुना सहीच्या कार्डावर खातेदाराच्या तीन सह्या घेत. खाते कुणी चालवायचे, वारस कोण, हे विचारले जाई आणि शेवटी पासबुक त्याच्या हातात दिले जाई. या पद्धतीत खूप वेळ जाई आणि गरिबाला परिचयदाता मिळत नसे, हा तिचा मोठा दोष होता. तो दोष आधारने दूर केला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ज्यांना बँकेच्या दारात कुणी उभे करत नव्हते, अशा माणसांना त्यामुळे खाते मिळाले. पण त्या जुन्या पद्धतीत एक गोष्ट अशक्य होती. खातेदाराला माहीत नसताना त्याचे खाते उघडता येत नव्हते. तसे ते उघडलेच, तर ती अफरातफर ठरत होती आणि कारकुनाची नोकरी जात होती.

इथे मात्र माणूस आला होता फोन चालू ठेवायला. फोन बंद पडेल या भीतीने त्याने अंगठा दिला. तो अंगठा टेकताच त्याचे नाव, पत्ता, जन्मतारीख आणि छायाचित्र आधारच्या साठ्यातून कंपनीकडे आले. जी माहिती त्याने एका कामासाठी काढू दिली, तिच्यावर दुसऱ्याने दुसरेच काम उरकून घेतले. आपल्या घरी गॅसची टाकी बदलायला आलेल्या माणसाला आपण स्वयंपाकघरापर्यंत येऊ देतो, म्हणून त्याने कपाट उघडायचे नसते. त्याने कपाटातून काही नेले की नाही, हा नंतरचा प्रश्न असतो.

आपल्याकडच्या जुन्या दस्तांत अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या सहीची जागा कशी भरत, हे ज्यांनी जमिनीचे कागद चाळले आहेत त्यांना ठाऊक असेल. शेतकरी नांगराची निशाणी करी, बाई बांगडीची. पुढे अंगठा आला आणि 'निशाणी डावा अंगठा' हे शब्द कागदावर रूढ झाले. माझ्या आजीच्या नावाच्या एका खरेदीखतावर तिचा निळ्या शाईचा अंगठा आहे आणि त्याखाली लिहिले आहे, 'दस्तुर', आणि पुढे गावातल्या एका शिक्षकांचे नाव. निशाणी कुणाची आणि ती कुणाच्या हातून लिहिली गेली, ही दोन्ही नावे शेजारी शेजारी. त्या दस्तुरवाल्या गुरुजींना उद्या कुणी विचारले असते की या बाईला कागद वाचून दाखवला होता का, तर उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती.

अर्थात, हे कागद नेहमी सरळ होते असे मुळीच नाही. निरक्षर शेतकऱ्याचा अंगठा किंवा नांगर उमटवून घेऊन सावकाराने कागदावर काय लिहिले, हे त्याला कळत नसे. याच रागातून मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्या दंग्यांमध्ये अनेक ठिकाणी लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले की ते जाळले जात. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. शेतकऱ्याचा दस्त गावाच्या निबंधकासमोर व्हावा, आणि सही किंवा निशाणी घेण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवला जावा. संमती म्हणजे काय, हे वसाहतीच्या सरकारलाही दीडशे वर्षांपूर्वी एका दंग्यानंतर कळले होते. वाचून दाखवल्याशिवाय घेतलेली निशाणी पुरेशी नाही. २०१७ सालच्या यंत्रात वाचून दाखवण्याची पायरी कुठेच नव्हती. 'दस्तुर' या शब्दाची जागाही नव्हती. दुकानदाराने जे केले ते ग्राहकाच्या बोटाने केले, त्यामुळे नोंद ग्राहकाच्याच नावावर झाली.

दुकानदारांना मी दोष देत नाही. पडद्यावर काय दिसावे, कोणती चौकट आधीच भरलेली असावी, हे दुकानदार ठरवत नाही. ते कंपनीच्या कार्यालयात ठरते. दुकानदार हा कमिशनवर जगणारा लहान माणूस आहे.

याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला होता की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात याचिका केली होती, तिच्यातून हा निर्णय निघाला. वर्षभराने, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आधार कायदा बहुमताने वैध ठरवला. पण खासगी कंपन्यांना आधार पडताळणीची मुभा देणाऱ्या कलम ५७ चा तो भाग रद्द केला, आणि सिमकार्डाबाबतचे २३ मार्च २०१७ चे परिपत्रकही घटनाबाह्य ठरवले. मूठभर लोक सिमकार्डाचा गैरवापर करतात म्हणून साऱ्या जनतेच्या खासगी आयुष्यात शिरता येणार नाही, असा बहुमताच्या निकालाचा आशय होता. म्हणजे आईने ज्या परिपत्रकापोटी पाच वेळा बोट टेकवले, ते परिपत्रकच घटनेत बसत नव्हते.

निकालाच्या दिवशी मला वाटले होते की हा विषय संपला. तो संपला नाही. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ग्राहकाच्या इच्छेने आधार वापरण्याची वाट पुन्हा उघडली. २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने सिमकार्डासाठी आधारवर आधारित पडताळणी पुन्हा सुरू केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तर ग्राहकाची ओळख पडताळता येण्याजोग्या बायोमेट्रिक पद्धतीने करावी, अशी तरतूदच आहे. फसवणूक करणारे बनावट नावांवर शेकडो सिमकार्डे घेतात, म्हणून कठोर पडताळणी हवी, या युक्तिवादात तथ्य आहे. बनावट कॉल आणि डिजिटल अटकेच्या धमक्यांनी माझ्या ओळखीतल्या दोन निवृत्त माणसांची झोप उडवली आहे, त्यामुळे तो मी झटकून टाकत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ओळख पटवण्यासाठी घेतलेली माहिती ओळख पटवण्यापुरतीच वापरली जावी. आज दूरसंचार कंपन्यांच्या ॲपमध्ये रिचार्जच्या शेजारी बँक, कर्ज, विमा अशी दुकाने थाटलेली दिसतात. एका उद्योगसमूहाच्या वेगवेगळ्या कंपन्या हे सगळे विकत असतात. ग्राहक मात्र समजतो की आपण एकाच दुकानात उभे आहोत.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे माहिती) संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. हा कायदा मी बारकाईने वाचला. संमती मोकळी, विशिष्ट, समजून दिलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, असे तो म्हणतो. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. दूरवैद्यकीय सेवेच्या ॲपने उपचाराबरोबर फोनमधल्या संपर्कयादीसाठीही संमती मागितली आणि ग्राहकाने दोन्हींना होकार दिला, तरी ती संमती उपचाराला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाईल, कारण उपचारासाठी संपर्कयादी लागत नाही. हे उदाहरण वाचल्यावर मला २०१७ चे दुकान डोळ्यांपुढे आले. सिमकार्डाच्या पडताळणीला बँक खाते लागत नाही. हा कायदा तेव्हा असता, तर एका ओळीत प्रश्न सुटला असता.

आणखी एक तरतूद आपल्यासाठी महत्त्वाची आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे. म्हणजे मराठीत मागण्याचा आपला हक्क कायद्याने मान्य झाला आहे. आईला त्या दिवशी आलेला इंग्रजी संदेश मी वाचला म्हणून तिला कळला. ज्यांच्या शेजारी वाचणारा कुणी नसतो, त्यांचे काय होत असेल? देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. आदिवासी वस्तीच्या त्या गावापासून सुरुवात झालेल्या व्यवस्थेने संमती मात्र इंग्रजी पडद्यावर गृहीत धरावी, हे मला फार लागते.

या कायद्यावर माझा एक गंभीर आक्षेपही आहे. कंपनीने माहिती सुरक्षित ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याची माहिती वापरली गेली त्याला भरपाई मागण्याची वाट या कायद्यात नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३-अ, ज्यात निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाईची तरतूद होती, ते वगळण्याची व्यवस्था याच कायद्यात केलेली आहे. माझ्या काउंटरवरच्या त्या बाईंच्या तीन आठवड्यांच्या बुडालेल्या कामाचा हिशोब कुणाच्या वहीत मांडायचा? तसेच, कायदा येण्यापूर्वी संमतीने घेतलेली माहिती, ग्राहकाने संमती मागे घेईपर्यंत, कंपनीला वापरत राहता येते. कंपनीने त्याला शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी, एवढेच बंधन आहे. २०१७ च्या रांगांतली ती माहितीही कंपन्या संमतीने घेतलेली म्हणूनच दाखवतील, आणि ती संमती कशी होती हे मी वर लिहिले आहे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते मी करतो आणि ओळखीच्यांना करून देतो. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपले आधार कुठे कुठे पडताळले गेले याची यादी दिसते. ती पाहताना आईच्या नावापुढे एक नोंद दिसली, जी रेशन दुकानातली होती, आणि तारीख जुळली तेव्हाच मला हायसे वाटले. तिथेच आपले आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेले आहे तेही कळते, आणि बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात. आईचे ठसे मी कुलूपबंद केले आहेत. गरज पडली की उघडतो. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या चालू आहेत ते पाहता येते. हे सगळे करायला मला दीड तास लागला आणि बँकेतली एकतीस वर्षे कामी आली. त्यामुळे प्रत्येकाने हे स्वतः करावे, असे सांगून मोकळे होण्याची माझी तयारी नाही. पहारा ज्याने माहिती घेतली त्याने द्यायचा असतो.

यंदा जूनमध्ये आईचा फोन पाण्यात पडला आणि नवे सिमकार्ड घ्यावे लागले. दुकान वेगळे होते. आई आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. मुलाने यंत्र पुढे केले तेव्हा मी त्याला म्हणालो, "दादा, जरा थांबा. फोन इकडे वळवा आणि काय लिहिलंय ते आईला वाचून दाखवा." तो क्षणभर गोंधळला. मागे तीन माणसे उभी होती. पण त्याने फोन काउंटरवर आडवा ठेवला आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगायला लागला. नाव, पत्ता, जुना क्रमांक. आई मान हलवत होती. मग तो बटणाकडे बोट नेऊ लागला, तशी ती म्हणाली, "आणि ते खालचं बारीक काय आहे रे?"

त्याने वाकून वाचले. कंपनीच्या सहयोगी संस्थांकडून आर्थिक सेवांची माहिती मिळावी म्हणून तपशील देण्यास मान्यता, असे काहीतरी होते. चौकटीत आधीच खूण होती.

"ते नको मला," आई म्हणाली.

मुलाने खूण काढली. "हे काढता येतं हे मलाही माहीत नव्हतं आजी," तो म्हणाला. मी फोनवर ठशांचे कुलूप उघडले, आणि आईने डावा अंगठा पदराला पुसून काचेवर ठेवला.